मराठीला लागलेलं कुलूप

१९९०च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, महाड अशा गावांत डीटीपीची दुकानं निघाली. एक संगणक, एक लेझर प्रिंटर, वीज गेली तर फाइल सेव्ह करण्यापुरती तग धरणारी बॅटरी आणि दारावर ‘लग्नपत्रिका, हँडबिल, व्हिजिटिंग कार्ड’ अशी पाटी. संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची केबल जिथे खोचतात तिथे, काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असे. आधी संगणकात डबी, मग डबीत केबल. ती डबी काढली की इंग्रजी सगळं चालायचं आणि मराठी टायपिंग बंद पडायचं. तिला डोंगल म्हणत, कुणी नुसतंच ‘लॉक’ म्हणे. रात्री दुकान बंद करताना गल्ल्याबरोबर ती डबीही घरी नेणारे दुकानदार होते, कारण ती हरवली तर सॉफ्टवेअर पुन्हा विकत घेण्याची पाळी यायची.

नक्कल, चोरी आणि चोरीला आळा घालणारी कुलपं हा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं लगेच सिनेमावर जातं. २०१६ मध्ये ‘सैराट’ थिएटरात गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी प्रत मोबाइलवर फिरत होती, हे सगळ्यांना आठवतं. त्याआधी २००९ मध्ये महाराष्ट्र सरकारने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ साली केलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओची चोरी करणाऱ्यांचाही समावेश केला. चोरट्या सीडी काढणाऱ्याला खटल्याविना वर्षभरापर्यंत डांबून ठेवता येईल, इतकी कडक तरतूद झाली. या गाजावाजात खुद्द मराठी भाषेच्या वाट्याला आलेल्या नक्कलबंदीचा इतिहास मात्र सांगायचा राहून गेला. ती डबी सॉफ्टवेअर राखायला बसवली होती. पण ज्या वीसेक वर्षांत मराठी छपाई खिळ्यांवरून संगणकावर आली, त्या वीस वर्षांतला मराठी मजकूर तिच्यामागे अडकून पडला. चोरांनी कुलूप फोडलं, तरीही तो मजकूर सुटला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय नक्कलबंदीच्या वादाचा निवाडा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खिळ्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या फाउंड्रीतले देणखे देवनागरी खिळे देशभर गेले. खिळे एकदा विकत घेतले की ते छापखानेवाल्याचे. त्यांनी पंचांग छापा, आरत्यांचं पुस्तक छापा, नाहीतर सावकाराविरुद्धचं पत्रक छापा. खिळे ओतणारा विचारायला येत नसे. चरी गावच्या शेतकरी संपाच्या धामधुमीतून अलिबागला ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र उभं राहिलं ते याच शिशाच्या अक्षरांवर. जुळाऱ्याचं काम सोपं नव्हतं. शिशाशी रोजचा संबंध, अंधाऱ्या खोलीत उलटी अक्षरं वाचून गेलेले डोळे, छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. त्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एक होतं, छापून झालेला मजकूर कुणाच्याही मालकीच्या यंत्रावर अवलंबून नसे. कागद हातात असला की दुसऱ्या गावचा जुळारी तोच मजकूर दुसऱ्या खिळ्यांनी पुन्हा जुळवू शकत असे.

संगणकावर देवनागरी आणण्याचं काम ज्यांनी केलं त्यांना यातलं सगळं ठाऊक होतं आणि त्यांची सुरुवात चांगली झाली होती. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्यांवर काम चाललं होतं. त्या कामातले एक प्रमुख मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. भारताला हवा होता तो महासंगणक अमेरिकेने नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. १९९१ मध्ये तिथून ‘परम ८०००’ बाहेर पडला आणि त्याचा खूप गौरव झाला. तो योग्यच होता. त्याच इमारतीतल्या ‘जिस्ट’ गटाचं काम मात्र सामान्य माणसाच्या जास्त जवळचं होतं. जिस्ट कार्ड संगणकाच्या पोटात बसवलं की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची.

या कार्डाच्या मागे एक शहाणा विचार होता. ‘इस्की’ नावाचं प्रमाण १९८८ मध्ये ठरलं आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्य केलं. अक्षर कसं दिसतं हे न साठवता ते कोणतं अक्षर आहे हे साठवायचं, हे त्यातलं तत्त्व. क ला एक क्रमांक, ऱ्हस्व वेलांटीला एक क्रमांक, हलन्ताला एक क्रमांक. उच्चाराचा जो क्रम तोच साठवणीचा क्रम. दिसण्याची जबाबदारी यंत्राची. म्हणून इस्कीत लिहिलेला मजकूर शोधता येत होता, अकारविल्हे लावता येत होता, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येत होता. पुढे सगळ्या जगाने मान्य केलेल्या युनिकोडची १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तिने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८च्या या इस्कीवरूनच घेतली. म्हणजे मराठी मजकूर मोकळा कसा ठेवायचा याचं उत्तर आपल्याच माणसांनी आधी शोधून ठेवलं होतं. त्यानंतर जे घडलं ते म्हणूनच जास्त लागतं.

विंडोज आलं आणि कार्डाचे दिवस संपले. छपाईवाल्यांना पेजमेकर हवा होता, कोरल हवं होतं. या प्रोग्रॅमांना क ला वेलांटी कुठे लावायची हे कळत नव्हतं. त्यांना एक क्रमांक म्हणजे एक आकृती एवढंच ठाऊक, आणि अशा आकृत्यांना जागा २५६. त्यातली अर्धी इंग्रजीने व्यापलेली. मग तोडगा निघाला तो असा की देवनागरीचे तुकडे करायचे आणि ते फॉन्टमध्ये मिळेल त्या जागी बसवायचे. अर्धा क, पाऊण त, काना, मात्रा, रफार, उकार, प्रत्येकाला एकेक खण. सी-डॅकने आयएसएम हे सॉफ्टवेअर आणि त्याबरोबरचे योगेश, सुरेख वगैरे फॉन्ट दिले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आलं. बंगळुरूच्या सायबरस्केपचं आकृती आलं. प्रत्येकाने तुकडे आपापल्या सोयीने पाडले, आपापल्या खणांत ठेवले. आपला तक्ता प्रतिस्पर्ध्याच्या हाती देण्यात कुणालाच रस नव्हता.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय होतो ते आपल्या किनाऱ्यावरच्या दोन गावांच्या नावांवरून पाहता येईल. ‘किहीम’ लिहा. उच्चारात आधी क, मग वेलांटी. पण फॉन्टच्या खणांत जे डोळ्यांना आधी दिसतं तेच आधी साठवलेलं: वेलांटी, मग क. आता ‘कोर्लई’ घ्या. त्यातला र उच्चारात ल च्या आधी येतो. साठवताना मात्र ल आधी आणि त्याच्या डोक्यावरचा रफार नंतर. शिवाय कित्येक फॉन्टांत जागा वाचवण्यासाठी ई ला वेगळा खणच नव्हता. इ काढायची आणि वर तोच रफार ठेवायचा, की झाली ई. म्हणजे कोर्लईत दोन रफार आले, एक खरा र आणि दुसरा ई चा शेंडा. कागदावर दोन्ही सुरेख दिसतात. पण ही फाइल दुसऱ्या कुठल्या यंत्रात न्यायची तर कोणता रफार कोण, हे यंत्राने कसं ओळखायचं? ‘खाऱ्या’तला अर्धा र, ज्याच्याशिवाय मराठी चालत नाही आणि ज्याची हिंदीला गरज नाही, त्याची तर प्रत्येक सॉफ्टवेअरने निराळीच व्यवस्था लावली होती.

ही झाली पहिली अडचण, आणि ती कुणाच्या लबाडीतून आलेली नव्हती. तिच्यावर कुलूप बसलं तेव्हा ती वेगळीच होऊन बसली.

कुलूप लावणाऱ्यांची बाजू मनापासून समजून घ्यायला हवी. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे महाराष्ट्रातले छापखाने, वर्तमानपत्रं, सरकारी कचेऱ्या. इंग्रजी सॉफ्टवेअर जगभर विकलं जातं. मराठीचं विकून विकून किती विकणार? एकेका अक्षराचं वळण घोटायला सुलेखनकार बसवायचे, कळफलक जुळवायचे, आणि पहिली प्रत विकली गेली की दुसऱ्या आठवड्यात तिच्या शंभर प्रती फुकट फिरायच्या, हे चित्र कोणत्याही धंद्याला बुडवणारं होतं. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून हीच तक्रार केली होती. लाहोरच्या अल्वी बंधूंनी तर १९८६ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती शोधण्यासाठी फ्लॉपीत एक प्रोग्रॅम सोडला आणि तो ‘ब्रेन’ या नावाने जगातल्या पहिल्या पीसी व्हायरसांत गणला गेला. हताश झालेला कारागीर कुठवर जातो त्याचं हे उदाहरण.

कायदाही त्यांच्या बाजूने होता. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये संगणक प्रोग्रॅम आले. १९९४ची दुरुस्ती १९९५च्या मे महिन्यात लागू झाली आणि चोरटा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणं हाच गुन्हा ठरला. किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, दंड पन्नास हजार ते दोन लाख. पैसे कमावण्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकत होतं, पण छापखाना म्हणजे धंदाच, त्यामुळे अलिबागच्या डीटीपीवाल्याला ती सवलत नाही. नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेने त्याच दशकात चोरीविरुद्ध मोहीम उघडली. भारतात वापरलं जाणारं सत्तर टक्क्यांच्या आसपास सॉफ्टवेअर चोरीचं आहे, असे उद्योगांचे अंदाज दरवर्षी छापून येत.

तरीही चोरी झाली, आणि सर्रास झाली. रेवसहून लाँच पकडून मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. तिथे चकचकीत गोल तबकड्यांवर पेजमेकर, कोरल, फोटोशॉप आणि मराठीची सॉफ्टवेअरं मिळत. डोंगल नसतानाही आहे असं प्रोग्रॅमला भासवणारे ‘क्रॅक’ त्यांच्याबरोबर असत. नव्याने दुकान टाकणाऱ्या मुलाने कर्ज काढून संगणक आणि प्रिंटर घेतलेला असे. एका लग्नपत्रिकेमागे सुटणारे पैसे आणि अधिकृत सॉफ्टवेअरची हजारांतली किंमत यांचा मेळ त्याला लागत नव्हता. त्याने केलं ते चूक होतं. ज्याने अक्षरं घडवली त्याचे पैसे बुडाले, आणि गावातल्या ज्या दुकानदाराने रीतसर पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलं होतं त्याला शेजारच्या फुकट्याच्या दराशी स्पर्धा करावी लागली. या दुसऱ्या माणसाचा विचार वादात फारसा कुणी करत नाही, आणि मला तोच सगळ्यात जास्त अन्याय सोसणारा वाटतो.

कारण कुलपाचा जाच त्यालाच होता. चोराकडे डोंगल नव्हतंच. त्याचं काम क्रॅकवर बिनबोभाट चाले. रीतसर खरेदी करणाऱ्याकडे एकच डोंगल. दोन संगणक असले तर ऑपरेटर उठून डबी या यंत्रातून त्या यंत्रात लावणार. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लोखंडी शटर दर पावसाळ्यानंतर घासून रंगवावं लागतं, तिथे त्या डबीच्या पिना काळ्या पडणारच. प्रिंटर बदलला, डबी जुमानत नाही. विंडोजची नवी आवृत्ती आली, डबी जुमानत नाही. १९९४च्याच दुरुस्तीने रीतसर प्रत घेणाऱ्याला एक हक्क दिला होता: हरवणं, बिघडणं, नष्ट होणं यांपासून बचाव म्हणून प्रोग्रॅमची राखीव प्रत काढून ठेवता येईल. सीडीची प्रत काढता येत होती. डोंगलची कशी काढणार? कायद्याने एका हाताने दिलेलं त्या डबीने दुसऱ्या हाताने काढून घेतलं, आणि त्याविरुद्ध दाद मागायला पेणहून कुणी न्यायालयात गेलं नाही. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी फ्लॉपीवरची नक्कलबंदी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातच सोडून दिली होती, कारण पैसे मोजणारं गिऱ्हाईक वैतागलं होतं. आपल्याकडे ती त्यानंतर रुजली.

चोरीने मजकूर सुटला नाही असं वर म्हटलं, त्याचं कारण फॉन्टमध्ये आहे. डोंगलने राखलेला होता तो टायपिंगचा भाग. फॉन्टची फाइल उचलून दुसऱ्या यंत्रावर टाकणं कुणालाही जमत होतं. त्यामुळे फॉन्ट वाऱ्यासारखे पसरले. पेणच्या दुकानातली फाइल मुंबईच्या ऑफसेटवाल्याकडे जाताना फ्लॉपीत फॉन्टही जात असे. मजकूर दिसायला लागला, छापला जायला लागला, आणि सगळ्यांचं भागलं. ‘शिवाजी’, ‘किरण’ यांसारखे घरगुती वापराचे फॉन्ट आले, त्यांनी तर देवनागरीचे तुकडे थेट इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवले. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक रांग दिसायची. चोरट्या प्रतीने श्रीलिपीची मक्तेदारी मोडली नाही, आयएसएमची मोडली नाही. उलट त्यांचे तक्ते तिने घरोघर पोचवले. पैसे मोजलेल्याचा आणि न मोजलेल्याचा मजकूर सारखाच अडकला.

त्याची पहिली मोठी झळ लागली ती मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर गेली तेव्हा. वाचकाकडे फॉन्ट नसणार, मग तो बातमीबरोबरच पाठवायचा. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी जो प्रकार काढला त्यात फॉन्टच्या आत संकेतस्थळाचा पत्ता बांधलेला असे. फॉन्ट त्या पत्त्यावरच चालणार, उचलून दुसरीकडे वापरता येणार नाही. नक्कलबंदीच ती. परिणाम असा की मराठी बातम्या वर्षानुवर्षं फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये दिसत. २००४ मध्ये फायरफॉक्स आलं, त्यात चौकोन आणि चिन्हं. अमेरिकेतल्या, आखातातल्या मराठी माणसाला गावची बातमी डोळ्यांनी वाचता येत होती, पण गुगलवर शोधून सापडत नव्हती, कारण गुगलच्या लेखी ते मराठी नव्हतंच. ‘रेवदंडा’ असं देवनागरीत शोधलं तर त्या वर्षांतली रेवदंड्याची एकही जुनी बातमी हाती लागत नसे. याच काळात ‘पद्म’ नावाचं फायरफॉक्सचं छोटं जोडसाधन निघालं. मूळ तेलुगूसाठी केलेलं, नंतर मराठी फॉन्टांचे तक्तेही त्यात आले. ते पानावरचे तुकडे वाचून त्यांचं जागच्या जागी युनिकोड करी. हे कुलूप फोडणं म्हणायचं का? फॉन्टची प्रत काढली नाही, सॉफ्टवेअर चोरलं नाही. ज्या माणसाला बातमी वाचायची होती त्याला ती वाचता आली, एवढंच. १९९९ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात आलेलं एक कलम इथे मोलाचं आहे. रीतसर प्रत असलेल्याला, दुसऱ्या प्रोग्रॅमशी मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती प्रोग्रॅम उलगडून काढून घेता येते. दिल्लीत ज्या कुणी हे कलम घातलं, त्याने मराठीवर उपकार केले आहेत.

मजकूर सुटला तो युनिकोडमुळे, आणि त्यालाही माणसांचे हात लागले. र. कृ. जोशी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातला दबदबा सोडून अक्षरांच्या अभ्यासाला वाहून घेतलेला माणूस. २००० मध्ये विंडोजमध्ये देवनागरी आली ती ‘मंगल’ या त्यांनी घडवलेल्या फॉन्टनिशी. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेतून त्यांचा ‘रघु’ फॉन्ट मोफत दिला गेला. २००३च्या सुमारास सायबरस्केपने आपले आकृतीचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. धंदा करणाऱ्या कंपनीने आपली मिळकत अशी लोकांच्या हाती दिली, याची नोंद मराठीत फार कमी झाली आहे. २००५ मध्ये केंद्र सरकारने आधी तमिळ, मग हिंदी आणि पुढे मराठीसह इतर भाषांची फॉन्ट आणि साधनं असलेल्या सीडी फुकट वाटायला सुरुवात केली. जनतेच्या पैशातून सी-डॅकमध्ये घडलेलं थोडं तरी जनतेकडे आलं. ते १९९१ मध्येच यायला हवं होतं. सरकारी संस्थेने स्वतःच्या भाषेची लेखणी डोंगल लावून विकावी हे मला तेव्हाही पटण्यासारखं नव्हतं आणि आजही नाही. खासगी कंपनीची गोष्ट वेगळी. तिला पगार विक्रीतूनच द्यायचे असतात.

किंमत उतरली की चोरी उतरते, याचा पुरावा सिनेमाच्याच धंद्यात मिळाला होता. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणल्या, तेव्हा फुटपाथवरच्या चोरट्या सीडीला पहिल्यांदा खरा प्रतिस्पर्धी मिळाला. मराठी सॉफ्टवेअरवाल्यांनी हा हिशेब वेळेवर केला असता तर कदाचित त्यांचंही भलं झालं असतं.

युनिकोड आलं तरी छापखान्यांत ते लगेच शिरलं नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, तिला युनिकोडची देवनागरी कधीच कळली नाही. पानं मांडण्याच्या इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या २०१२ मध्ये नीट चालू लागल्या. केंद्राने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण ठरवलं, त्यानंतरही सरकारी पत्रकं जुन्या फॉन्टांत निघत राहिली. ‘ॲ’ या आपल्या खास मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीच २००८ मध्ये. म्हणून कुलपाचा काळ कागदावर २००० साली संपला असं वाटलं, तरी पेणच्या बाजारपेठेत तो त्यानंतर बारा-पंधरा वर्षं चालू होता.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं. डिजिटल कुलूप तोडणं हा त्याने गुन्हा ठरवला, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्यात, काही ठरावीक अपवाद सोडले तर, कुलूप तोडणं हेच मुळात पाप. आपल्या संसदेने तसं केलं नाही. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तरच गुन्हा, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर नाही. सिनेमावाल्यांना याहून कडक कलम हवं होतं. वाचनालयं आणि अंध वाचकांसाठी काम करणाऱ्यांना कुलपांची धास्ती होती. त्या ओढाताणीतून निघालेला हा मधला मार्ग मला न्याय्य वाटतो. स्वतःच्याच लेखाची १९९६ची फाइल उघडू पाहणारा लेखक या कायद्याने चोर ठरत नाही. कायद्याने अडवलेलं नाही, पण किल्ली बनवून द्यायला कुणाला बांधलेलंही नाही, आणि ज्या कंपनीचं डोंगल होतं तिने ते सॉफ्टवेअर विकणंच बंद केलं असेल तर हक्क असूनही हातात काही येत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर या गोष्टीला एक वेगळी निकड आहे. २००५च्या जुलैत सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत भरलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यावर आदळलं. २०२१च्या जुलैत महाड पुन्हा बुडालं. अशा वेळी तळमजल्यावरच्या दुकानातलं काय उरतं? कागद भिजून लगदा होतो. हार्ड डिस्क वाचलीच तर तिच्यातली फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर, तोच फॉन्ट आणि तेच जुनं विंडोज हवं, आणि तिच्यात काही बदलायचं तर तीच डबी. सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, कोळीवाड्यांतल्या पालखीची पत्रकं, आगरी बोलीत लिहिलेली हौशी नाटकं, ग्रामपंचायत निवडणुकीचे जाहीरनामे: यातलं जे मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत कधी गेलंच नाही, त्याची उरलेली एकमेव प्रत बऱ्याचदा असल्याच फाइलीत असते. १९३०च्या दशकातलं चरीच्या संपाचं पत्रक कागदावर आहे म्हणून आज वाचता येतं. १९९८चं पत्रक वाचता येईलच याची खात्री नाही.

आता जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी साधनं फुकट मिळतात. ती बरीच चांगली आहेत. पण त्यांना आधी सांगावं लागतं की फाइल कुठल्या तक्त्यातली आहे, आणि एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांचे तक्तेही कधीकधी जुळत नाहीत. वेलांट्या बहुतेक जागच्या जागी जातात. रफार घसरतात, जोडाक्षरं फुटतात, ‘खाऱ्या’चं ‘खार्या’ होतं किंवा मधला र गळून जातो. शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागतो, आणि ते काम सगळ्यात चांगलं जमतं त्या काळच्या ऑपरेटरांना. फाइल उघडून नुसती अक्षरांची रांग पाहिली की हे श्रीलिपी की आयएसएम, हे ओळखणारे लोक अलिबाग, पेण, महाडमध्ये अजून आहेत. त्यांतल्या बहुतेकांची दुकानं आता फ्लेक्सची झाली आहेत. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी त्यांना मानधन देऊन बोलवावं, त्यांच्या कपाटातल्या फ्लॉप्या, सीडी, डोंगलं आणि कळफलकाचे तक्ते मागून घ्यावेत, आणि हे काम येत्या दोन-चार वर्षांत करावं. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर आपल्या दमट हवेत जास्त काळ टिकत नाही.